दोन याद्यांचा हिशेब

(अणदूर येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



मागच्या बुधवारी वर्गात माझी फजिती झाली. तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. पण घरी गेल्यावर विचार केला, की ही फजिती वाया घालवायची नाही. तिच्यातूनच आजचा धडा काढायचा.

झालं काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. आपल्या वर्गाच्या दोन याद्या आहेत. एक वाचनाची, दुसरी हिशेबाची. वाचनाच्या यादीत २२ नावं आहेत. हिशेबाच्या यादीत १७ नावं आहेत. सगळ्यांना एकेक वही द्यायची असं ठरलं. मी २२ आणि १७ यांची बेरीज केली. ३९ आली. नळदुर्गाच्या बाजारातून ३९ वह्या घेऊन आलो. मग यादी हातात धरून एकेक नाव पुकारायला लागलो. वाचनाची यादी संपली. हिशेबाची सुरू केली. तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी उठल्या नि म्हणाल्या, "गुरुजी, एक वही घेतली की म्या. आता ही दुसरी कशाला देता?"

मी म्हणालो, "मावशी, तुमचं नाव या यादीत पण आहे."

त्या म्हणाल्या, "नाव दोन ठिकाणी असंल. पण मी एकलीच हाय."

शेवटी ११ वह्या उरल्या. मी बेरीज पुन्हा करून पाहिली. २२ आणि १७ म्हणजे ३९च होतात. बेरीज बरोबर होती आणि तरी उत्तर चुकलं. असं कसं झालं? मी बेरीज केली ती नावांची. वह्या द्यायच्या होत्या त्या माणसांना.

आज मी दोन दोर आणले आहेत. एक पांढरा आहे, एक तांबडा. पांढऱ्या दोराचं जमिनीवर एक मोठं कडं घालतो. हे वाचनाचं. तांबड्या दोराचं दुसरं कडं, थोडं लांब. हे हिशेबाचं. आता उठा. वाचनवाल्यांनी पांढऱ्या कड्यात उभं राहायचं. हिशेबवाल्यांनी तांबड्या कड्यात.

पाहा, काही जणांची कशी पंचाईत झाली! आबा पांढऱ्या कड्यात गेले, मग तांबड्याकडं पाहून थबकले. त्यांचं नाव दोन्हीकडं आहे. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, असं तर उभं राहता येत नाही. मग काय करायचं? दोर थोडे सरकवायचे. तांबडं कडं ओढून पांढऱ्यावर थोडं चढवू या. आता मधे एक जागा अशी झाली, की ती पांढऱ्याच्याही आत आहे आणि तांबड्याच्याही आत आहे. ज्यांचं नाव दोन्ही याद्यांत आहे त्यांनी या मधल्या जागेत या. बरोबर. कुणाची ओढाताण नाही.

आता मोजा. नुसत्या पांढऱ्यात ११ जण. मधल्या जागेत ११ जण. नुसत्या तांबड्यात ६ जण. ११ आणि ११ बावीस, आणि ६ अठ्ठावीस. म्हणजे आपण आहोत २८ माणसं. माझ्या ३९ वह्यांतून २८ वजा केल्या तर उरतात ११. तेवढ्याच मधल्या जागेतली माणसं आहेत. त्यांना मी दोन्ही याद्यांत मोजलं होतं, म्हणून तेवढ्याच वह्या उरल्या. आता बसा.

अशा एकत्र धरलेल्या माणसांना किंवा वस्तूंना गणितात 'संच' म्हणतात. संचात जे असतं त्या एकेकाला 'घटक' म्हणतात. वाचनाची यादी हा एक संच. तुम्ही त्याचे घटक. मात्र संच व्हायला एक अट आहे. कोण आत आणि कोण बाहेर, हे ठामपणे सांगता आलं पाहिजे. 'अणदूरमधली उंच माणसं' हा संच होत नाही. मला जो उंच वाटतो तो तुम्हाला वाटणार नाही, आणि भांडण लागेल. 'अणदूरच्या मतदार यादीतली माणसं' हा मात्र संच. नाव आहे की नाही, हे कागद पाहून सांगता येतं.

दुसरी गोष्ट. संचात एक घटक एकदाच धरायचा. मतदार यादीत चुकून एखाद्याचं नाव दोन जागी छापलं गेलं, म्हणून तो काही दोन माणसं होत नाही.

दोन्ही कड्यांतले सगळे घटक मिळून जो संच होतो, त्याला 'संयोग संच' म्हणतात. आपल्या वर्गात तो २८ जणांचा. मधल्या जागेत जे सापडतात, त्यांचा 'छेद संच'. तो ११ जणांचा. संयोगात यायला कुठलंही एक कडं पुरतं. छेदात यायला दोन्ही कडी लागतात. मग हिशेब असा झाला: पहिल्या संचाची संख्या, अधिक दुसऱ्या संचाची संख्या, वजा छेदाची संख्या, म्हणजे संयोगाची संख्या. २२ अधिक १७ वजा ११ बरोबर २८.

वजा का करायचं, हे मात्र नीट ध्यानात घ्या. नुसतं पाठ करू नका. मधल्या ११ जणांना आपण दोनदा मोजलं. एकदा मोजायलाच हवं होतं. म्हणून जादा झालेली एक मोजणी काढून टाकायची. त्या माणसांना बाहेर काढत नाही, बरं का. ती आतच राहतात. एका काकांनी मला विचारलं होतं, "त्या अकरांना वजा केलं, तर मग त्यांना वही नाही का?" वही आहे. एक आहे, दोन नाहीत.

संचाचं हे शास्त्र जर्मनीत गेओर्ग काँटोर नावाच्या गणिताच्या शिक्षकानं उभं केलं. त्याचा पहिला मोठा लेख १८७४ साली छापून आला. दोरांच्या कड्यांऐवजी कागदावर गोल काढायची जी रीत आहे, तिला जॉन व्हेन या इंग्रज शिक्षकाचं नाव आहे. त्यानं ती १८८० साली मांडली. त्याच्या आधीही काहींनी गोल काढले होते, पण नाव व्हेनचं राहिलं. खुणा इटलीच्या पेआनोनं १८८८ साली वापरल्या. संयोगाची खूण सुलट्या वाटीसारखी, ∪. छेदाची खूण पालथ्या वाटीसारखी, ∩. सुलट्या वाटीत पुष्कळ मावतं, पालथ्या वाटीवर थोडंच ठरतं, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलं आहे. २०१७ साली निघालेल्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात 'संच' हा पहिलाच धडा होता. घरात नववी शिकलेलं लेकरू असेल तर त्याला विचारा. ते खुणा दाखवील. दोर मात्र तुम्ही दाखवा.

आता वर्गातून शेताकडं जाऊ.

एका शेतकऱ्याची ५ एकर जमीन आहे, असं धरा. त्याला कुणी विचारलं, "यंदा काय पेरलं?" तो म्हणाला, "४ एकरांत सोयाबीन आहे, ३ एकरांत तूर आहे." ऐकणारा म्हणाला, "४ आणि ३ सात झाले. जमीन तर ५ एकर. खोटं बोलतो का लेका?" तो खोटं बोलत नव्हता. २ एकरांत त्यानं सोयाबीनच्या मधून तुरीचे तास घातले होते. तेवढी जमीन सोयाबीनच्याही हिशेबात आली आणि तुरीच्याही. ४ अधिक ३ वजा २ बरोबर ५. एक गुंठाही इकडचा तिकडं झाला नाही.

आपल्याकडं हे रोजचं आहे. पण कागदावर लिहिताना लोक गोंधळतात. सातबाऱ्यातला बारा नंबरचा नमुना पिकांचा असतो. त्यात एकट्या पिकाखालचं क्षेत्र वेगळं लिहितात आणि मिश्र पिकाखालचं वेगळं. एकट्या पिकाला तिथं 'निर्भेळ' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे: ज्यात दुसऱ्याची भेसळ नाही ते. म्हणजे निर्भेळ सोयाबीन २ एकर, निर्भेळ तूर १ एकर, मिश्र २ एकर. आपली दोन कडीच झाली की ही! नुसतं पांढरं, नुसतं तांबडं, आणि मधली जागा. पूर्वी हे सगळं तलाठी लिहायचे. २०२१ सालापासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं स्वतःच मोबाईलवर पीक नोंदवायची सोय झाली. तेव्हा मधली जागा कुठली आणि किती, हे आता आपल्यालाच माहीत असलं पाहिजे.

काही वेळा मधली जागा रिकामीच असते. त्याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. आपला खंडोबाच पाहा.

अणदूरला खंडोबाचं देऊळ आहे. नळदुर्गाला मैलारपुरातही देऊळ आहे. देवळं दोन, पण मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गाला भरते, कारण तेव्हा देव तिथं असतो. आता दोन कडी घाला. एका कड्यात देव अणदूरला असण्याचा काळ, दुसऱ्यात नळदुर्गाला असण्याचा काळ. मधे काय येईल? काहीच नाही. एकाच वेळी एक मूर्ती दोन देवळांत असत नाही. छेद रिकामा. अशा दोन संचांना 'विभिन्न संच' म्हणतात आणि रिकाम्या संचाला 'रिक्त संच' म्हणतात. छेद रिकामा असला, की वजा करायला काही उरत नाही. सरळ बेरीज करा. सव्वादहा आणि पावणेदोन. सव्वा आणि पाऊण मिळून दोन, दहा आणि एक अकरा... थांबा, माझंच चुकलं. पावणेदोन म्हणजे एक पूर्ण आणि पाऊण. सव्वादहा म्हणजे दहा पूर्ण आणि पाव. पाव आणि पाऊण मिळून एक. दहा, एक आणि एक. बारा महिने पुरे. वर्षात एकही दिवस असा नाही, की देव कुणाच्याच वाट्याला नाही.

यावर मागं एका आजोबांनी मला चांगलं पकडलं होतं. ते म्हणाले, "गुरुजी, देव ज्या दिवशी पालखीत निघतो, त्या दिवसाचं काय? सकाळी तो आमचा असतो. मग त्यांचा होतो. तो दिवस कुणाच्या यादीत लिहायचा?"

प्रश्न खरा आहे. मी घटका-पळांनी मोजलं तर अडचण नाही. या घटकेला देव इथं आहे किंवा तिथं आहे, किंवा वाटेवर आहे. पण दिवसानं मोजलं आणि दोन्ही गावांनी तो दिवस आपापल्या यादीत लिहिला, तर तो दोन्हीकडं आला. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. दोन्ही याद्यांची बेरीज केली तर वर्ष दोन दिवसांनी वाढेल! वर्ष तर वाढत नाही. म्हणजे संच विभिन्न आहेत की नाहीत, हे तुम्ही काय मोजता त्यावर ठरतं. कुणी म्हणालं, "आमच्या दोन याद्यांत सामाईक काही नाही", तर आधी विचारा, मोजलं काय? दिवस की घटका? कुटुंबं की माणसं? घरात नवरा एका यादीत आणि बायको दुसऱ्या यादीत असेल, तर माणसांच्या याद्या वेगळ्या राहतात. पण कुटुंब मोजायला गेलात तर ते घर मधल्या जागेत येतं.

भाषेचंही असंच आहे. आपला मुलूख मराठीचा. पण अक्कलकोटाकडं जा नाही तर उमरग्याच्या पलीकडं जा, कानडी कानावर पडतं. घरात मराठी आणि पाहुण्यारावळ्यांत कानडी, अशी घरं पुष्कळ. हैदराबादच्या रस्त्यावरची गावं म्हणून तेलुगू आणि उर्दूही कानाला नवी नाहीत. मी आत्ता म्हटलं, "मराठी समजणाऱ्यांनी हात वर करा", तर सगळे हात वर होतील. "कानडी समजणाऱ्यांनी करा" म्हटलं तर काही हात पुन्हा वर होतील. हात मोजले तर माणसांपेक्षा जास्त भरतील. म्हणून खानेसुमारीत मातृभाषा एकच लिहितात, आणि येणाऱ्या इतर भाषा, दोनपर्यंत, वेगळ्या लिहितात. मातृभाषांची बेरीज माणसांइतकी येते. येणाऱ्या भाषांची बेरीज तशी येणार नाही, आणि ती तशी यावी म्हणून कुणी हट्टही धरू नये.

जुनी माणसं सांगतात, आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य हिंदुस्थानात आलं. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली. तेलुगू जिल्हे आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसुरात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. तिथून १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. वाटणी करणाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढली. रेघ ओढली की प्रत्येक गाव इकडं तरी जातं, नाही तर तिकडं तरी. रेघेला मधली जागा नसते. माणसांच्या बोलण्याला मात्र असते. सीमेवरच्या गावांचे वाद इतकी वर्षं का चालले, याचं एक कारण माझ्या मते हे आहे.

आता मला आज जे मुख्य सांगायचं होतं त्याकडं येतो. वह्या उरल्या तर बिघडत नाही. कागद वाचताना मधली जागा चुकली तर बिघडतं.

आधी ग्रामपंचायतीचं घेऊ. घटनेत त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. पंचायतीत बायकांना कमीत कमी एक तृतीयांश जागा राखून ठेवाव्या, असं त्यात आलं. महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या मानानं जागा असतात, आणि त्यांतही बायकांचा वाटा असतो. आता समजा, एका गावात ११ सदस्य आहेत. ६ जागा बायकांच्या. २ जागा अनुसूचित जातींच्या, त्यांतली एक बाईची. बाकीची आरक्षणं सध्या बाजूला ठेवू. पारावर कुणीतरी म्हणतं, "६ आणि २ आठ जागा राखीव गेल्या, आता उरल्या तीनच." हिशेब चुकला. अनुसूचित जातीच्या बाईची जी जागा आहे, ती सहामध्येच धरलेली आहे. ती जागा दोन्ही कड्यांत आहे. ६ अधिक २ वजा १ बरोबर ७. उरल्या ४. घटनेतही राखीव जागांबद्दल लिहिताना 'त्या जागा धरून' अशा अर्थाचे शब्द मुद्दाम घातले आहेत. 'धरून' हा शब्द लहान आहे, पण तो वाचला नाही तर एक जागा चुकते. आणि एका जागेवरून गावात काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

सरकारी कागदावर दोन शब्दांकडं नेहमी लक्ष ठेवा. 'आणि' व 'किंवा'. मतदार यादीत नाव घालायला काय लागतं? भारताचा नागरिक असलं पाहिजे, आणि १८ वर्षं पूर्ण झाली पाहिजेत, आणि तिथला राहणारा असलं पाहिजे. (१९८९ च्या आधी २१ वर्षं लागायची.) ही 'आणि'ची अट. तिन्ही कड्यांच्या मधल्या जागेत जो उभा आहे, त्याचंच नाव लागतं. 'आणि' वाढत गेला, की माणसं कमी होत जातात. आणि जिथं लिहिलेलं असतं, की रहिवासाचा पुरावा म्हणून हा कागद किंवा तो कागद आणा, तिथं एक कागद पुरतो. ही 'किंवा'ची सवलत. कितीतरी लोक सगळे कागद गोळा करत महिना घालवतात.

पण आपल्या भाषेत एक मोठी खोच आहे. ती मी शिकलो ती एका बाईचं नुकसान करून.

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकता शिकवायला लागलो होतो. एक बाई माझ्याकडं एक छापील कागद घेऊन आली. नवरा वारलेला. पदरात दोन लेकरं. दीड एकर कोरडवाहू. तिला वाचता येत नव्हतं. कागद कुठला होता आणि मदत कसली होती, हे इथं महत्त्वाचं नाही. त्यात लिहिलं होतं, "विधवा व भूमिहीन यांना अर्ज करता येईल." मी ते वाचलं. मनात म्हटलं, 'व' म्हणजे 'आणि'. म्हणजे विधवाही पाहिजे आणि भूमिहीनही पाहिजे. मी तिला विचारलं, "बाई, तुमच्या नावावर जमीन आहे का?" ती म्हणाली, "हाय की, दीड एकर." मी कागद तिच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "मग तुम्ही यात बसत नाही." ती काही बोलली नाही. कागदाची घडी घातली आणि गेली.

मी शिकलेला माणूस. मी वाचून सांगितलं, मग ती आणखी कुणाला विचारणार?

अर्जाची मुदत गेली. नंतर मला कळलं, की शेजारच्या गावातल्या तीन-चार बायकांना ती मदत मिळाली, आणि त्यांतल्या दोघींकडं जमीन होती. मी तालुक्याला जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनानं कागदावर बोट ठेवून सांगितलं, "अहो, हे दोन प्रकारचे लोक आहेत. विधवांना मिळेल. भूमिहीनांनाही मिळेल." म्हणजे त्या कागदावरचा 'व' छेदाचा नव्हता. तो संयोगाचा होता!

बोलताना आपण असंच म्हणतो. "लेकरं आणि म्हातारी माणसं आधी जेवतील," असं पंगतीत कुणी म्हणालं, तर जो लेकरूही आहे आणि म्हाताराही आहे, असा माणूस कुणी शोधत बसत नाही. लेकरंही जेवतील, म्हातारीही जेवतील. तिथं आपण चुकत नाही. पण "तरुण आणि शिकलेला मुलगा पाहिजे" असं म्हटलं, तर एकाच मुलात दोन्ही गुण लागतात. शब्द तोच, 'आणि'. एका ठिकाणी तो दोन कडी एकत्र करतो, दुसऱ्या ठिकाणी फक्त मधली जागा ठेवतो. पंगतीत जे मला कळत होतं, ते कागदावर कळलं नाही. छापलेलं दिसलं की माणूस बिचकतो, आणि जास्तच कडक अर्थ लावतो.

म्हणून कागदावर 'आणि' किंवा 'व' दिसला की स्वतःला एक प्रश्न विचारा. इथं एकाच माणसाला दोन अटी घातल्या आहेत, की दोन तऱ्हेच्या माणसांची नावं घेतली आहेत? "विधवा व भूमिहीन यांना" असं अनेकवचनात असेल, तर बहुतेक दोन तऱ्हा आहेत. "अर्जदार विधवा असावी व तिच्या नावावर जमीन नसावी" असं असेल, तर दोन्ही अटी एकीवरच आहेत. तरीही शंका राहिली, तर कुणाच्या सांगण्यावर परत फिरू नका. माझ्याही नाही. ज्यांनी कागद काढला त्यांच्या टेबलापाशी जा, बोट ठेवा आणि विचारा. तोंडी उत्तर मिळालं आणि पटलं नाही, तर अर्ज देऊन टाका आणि पोच घ्या. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी लिहून नाही म्हणावं.

मी त्या बाईकडं गेलो होतो. माझं चुकलं, असं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, तुम्ही काय मुद्दाम केलं?" पण ते वर्ष तिनं लोकांच्या रानात खुरपून काढलं. थोरल्या मुलाची शाळा त्याच साली सुटली. ती पुन्हा लागली नाही. मदत मिळाली असती तर शाळा टिकलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. टिकली असती कदाचित.

बरं. आता पुढच्या बुधवारचं काम सांगतो. एका वस्तीत ४० घरं आहेत. १८ घरी म्हैस आहे. २५ घरी शेळी आहे. ९ घरी दोन्ही आहेत. तर एकही जनावर नाही अशी घरं किती? म्हशी आणि शेळ्याच धरा. कोंबड्या मधे आणू नका. घरी दोर नसेल तर परातीत चिंचोके घ्या आणि दोन बांगड्या ठेवा. चिंचोके ४० घ्या, म्हणजे बांगड्यांच्या बाहेर किती राहतात ते डोळ्यांनीच दिसेल. बांगड्या लहान पडल्या तर राखेनं दोन गोल काढा.

आणि घरात एखादा जुना छापील कागद, नोटीस, जाहिरात पडली असेल, तर तीही आणा. त्यातला 'आणि' कुठल्या जातीचा आहे, ते सगळे मिळून पाहू.

उरलेल्या ११ वह्या कपाटात आहेत. ज्याची पहिली भरेल त्यानं मागून घ्यावी.